जुन्या शर्यतपटूची कारकीर्द कशी वाचावी: बिल वुकोविचच्या निमित्ताने

1950 च्या दशकातील अमेरिकन मोटार शर्यतपटूची कारकीर्द अभ्यासायची असेल, तर त्याचे अंतिम क्रमांक सर्वांत शेवटी पाहावेत. आधी नोंद कोणत्या स्पर्धेची आहे, याची खातरजमा करावी. 1950 ते 1960 या काळात इंडियानापोलिस 500 ही अमेरिकेतील 200 फेऱ्यांची शर्यत फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदासाठी धरली जात असे. त्यामुळे युरोपातील एकही ग्रां प्री (अजिंक्यपदाची शर्यत) न धावलेल्या बिल वुकोविचच्या नावावर फॉर्म्युला वनच्या तक्त्यात पाच शर्यती आणि दोन विजय दिसतात.

त्यानंतर प्रत्येक वर्षापुढे चार गोष्टी लिहून काढाव्यात: सुरुवातीचे स्थान, पूर्ण केलेल्या फेऱ्या, आघाडीवर काढलेल्या फेऱ्या आणि गाडी थांबली असल्यास तिचे कारण. 1952 मध्ये वुकोविच सतरावा आला, एवढेच तक्ता सांगतो. प्रत्यक्षात 200 पैकी 150 फेऱ्या तो आघाडीवर होता आणि विजय अवघ्या नऊ फेऱ्यांवर असताना स्टिअरिंग निकामी झाले. पुढच्याच वर्षी त्याने पहिल्या स्थानावरून सुरुवात करून 195 फेऱ्या आघाडी राखली. त्या दिवशीच्या उकाड्याने कार्ल स्कारबरो या चालकाचा बळी घेतला आणि अनेकांनी मध्येच बदली चालकाच्या हाती गाडी सोपवली, पण वुकोविच शेवटपर्यंत एकटाच चालवत राहिला. 1954 मध्ये एकोणिसाव्या स्थानावरून निघूनही तो पुन्हा जिंकला. पाच शर्यतींची बेरीज केली, तर पूर्ण केलेल्या 676 पैकी 485 फेऱ्या आघाडीवर, म्हणजे जवळजवळ 72 टक्के! माझ्या मते त्याची खरी योग्यता दोन विजयांपेक्षा या आकड्यात अधिक दिसते.

चालकाइतकीच त्याच्या गाडीचीही नोंद ठेवावी. दोन्ही विजयांच्या वेळची कर्टिस-क्राफ्ट रोडस्टर ही शर्यतीची गाडी हॉवर्ड केक यांच्या मालकीची होती आणि जिम ट्रॅव्हर्स व फ्रँक कून हे तिचे मेकॅनिक होते. टोपणनावांवर मात्र विसंबू नये. ‘मॅड रशियन’ म्हणून गाजलेला हा कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोचा चालक सर्बियन वंशाचा होता.

30 मे 1955 रोजी तो आघाडीवर असतानाच रस्त्यावर त्याच्यापुढे असलेल्या, पण फेरीने मागे पडलेल्या गाड्यांच्या अपघातात सापडून मरण पावला, तरी तक्त्यात त्याच्यापुढे पंचविसावा क्रमांक आहे. त्याच वर्षाअखेरीस अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने शर्यतींच्या नियमनातून अंग काढून घेतले. म्हणून त्याच्या समकालीनांच्या 1956 पासूनच्या नोंदी हे नियमन हाती घेणाऱ्या युनायटेड स्टेट्स ऑटो क्लबच्या दप्तरात शोधाव्या लागतात.