फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका

नवी टाकी घेतलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात हमखास विचारतो, पाणी एवढं नितळ आहे तरी मासे का मरतायत? पाणी नितळ दिसण्यावर जाऊ नका. माशांच्या कल्ल्यांतून आणि घाणीतून सुटणारा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे, मुख्यतः नायट्रोस्पायरा, त्याचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट बेताचं असलं तर मासे सोसतात, पाणी बदललं की ते कमी होतं. आणि हे जिवाणू पाण्यात फारसे नसतातच. ते स्पंजला, खड्यांना चिकटून राहतात.

म्हणूनच स्पंज नळाखाली धुताना कुणी दिसलं की माझा जीव तुटतो. सांगलीच्या विश्रामबागेत ओळखीच्या घरी तीन फुटी टाकीत ऑस्कर माशांची जोडी छान वाढली होती. पाहुणे येणार म्हणून घरच्यांनी सगळं पाणी उपसलं, खडे उकळून काढले आणि स्पंज पार पांढरा होईपर्यंत नळाखाली पिळला. दिवस पावसाळ्याचे. कृष्णा गढूळ झाली की सांगलीत नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास चांगलाच जाणवतो, आणि क्लोरीन म्हणजे या जिवाणूंचा काळ. तिसऱ्या दिवशी फोन आला, "दादा, मासे वर येऊन धापा टाकाय लागल्यात, एअर पंप तर चालू हाय." अमोनियाची टेस्ट लावली तर नळीतलं पाणी गडद हिरवं, म्हणजे अमोनिया भरपूर. निम्मं पाणी बदललं, अँटी-क्लोरीन घातलं, खाणं बंद केलं, माझ्या फिल्टरमधला जुना स्पंज कापून त्यांच्यात बसवला. एक ऑस्कर वाचला, दुसरा गेला.

टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज दोन-तीनदा दाबायचा, एवढंच धुणं पुरे. तो तपकिरीच राहू द्या. मी फिल्टरमध्ये दोन स्पंज ठेवतो आणि एका वेळी एकालाच हात लावतो. खडे त्या दिवशी अजिबात नाहीत.

दुसरी चूक घाईची. साधे जिवाणू अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात, हे मात्र जवळपास दिवस घेतात. त्यामुळे टाकी तयार व्हायला 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर मासे न सोडता रोज चिमूटभर खाणं टाका, फिल्टर चालू ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की मगच मासे, तेही थोडे थोडे. बाटलीतल्या जिवाणूंवर माझा भरवसा नाही. दुकानाच्या काचेमागे एप्रिल-मे काढलेल्या बाटलीत जिवंत काय उरणार? ओळखीच्याच्या निरोगी टाकीतला स्पंज मागून आणा.

लाईट जाते तेव्हाही लक्ष द्या. या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. 2019 च्या पुरात सांगलीत वीज किती भागांत बंद होती, आठवत असेल. बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या. बंद डब्याचा फिल्टर बराच वेळ थांबला असेल तर आतलं कुजकं पाणी फेकून मगच चालू करा.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी पीएच बघावा. तो जास्त असला की तेवढाच अमोनिया जास्त घातक ठरतो. अँटिबायोटिक औषध थेट मुख्य टाकीत ओतू नका, आजारी मासा वेगळा काढा. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. आणि गोल्डफिशला काचेच्या वाडग्यात ठेवू नका: त्यात ना फिल्टर बसतो, ना जिवाणूंना पुरेशी जागा मिळते.