एका मिलिमीटरचा हिशेब: कोल्हापुरात पिस्तूल नेमबाजीची सुरुवात

दिवाळीत पुतण्या मोबाईल घेऊन उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपवर आला. व्हिडिओत अमेरिकेतला एक गडी रिव्हॉल्वरनं हरणाची शिकार करत होता. त्याआधी घरच्या टेबलावर बसून रिकाम्या पितळी पुंगळ्यांत स्वतःच दारू भरत होता. "काका, लेथ आपल्याकडं आहे, नेमबाजी तुम्हाला येतेय. आपण पण चालू करूया की." असं विचारणारा तो एकटा नाही, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडं शिकारीला बंदी आहे. रानडुकरांनी ऊस लोळवला तरी त्यावर काय करायचं हे वन खातं ठरवतं, आपण नाही. काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली येतं. विनापरवाना बनवलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ७ वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या लेथवरच्या पोरांना हे मी मुद्दाम सांगतो. कुणी नमुना दाखवून "एवढी नळी टर्न करून दे" म्हणाला आणि ती कशाला पाहिजे ते सांगेना, तर त्याला आल्या पावली परत पाठवा.

काडतुसं भरणं जिथं कायदेशीर आहे, तिथंही ते नवशिक्याचं काम नाही. रिव्हॉल्वरच्या बऱ्याच काडतुसांत दारू पुंगळीच्या निम्म्यापेक्षाही कमी जागा घेते. म्हणजे चुकून दुसऱ्यांदा दारू पडली तरी ती आत मावते, वरून गोळी बसते आणि बाहेरून काही कळत नाही. मग बार काढताना काडतुसं बसतात तो सिलिंडरच फुटतो, आणि तो हाताच्या वर, तोंडासमोर असतो. शिवाय नेमबाजीत सुरुवात हवेच्या दाबानं छर्रा मारणाऱ्या एअर पिस्तुलानं होते, त्यानंतर पहिलं खरं काडतूस हातात येतं ते .२२ इंच मापाचं. त्याला वेगळी टोपी नसते, पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. एकदा पिन आपटून कड दबली की पुंगळीचं काम संपलं. ती परत भरायची सोयच नाही.

आता माझ्या आजोबांविषयी. संस्थानच्या काळात ते दाजीपूरच्या जंगलात हाक्याला जायचे. तेच रान १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं. आजोबा सांगायचे, जनावर निसटलं त्या दिवसाचं कुणाला वाईट वाटायचं नाही. वाईट दिवस म्हणजे जनावर जखमी होऊन रानात शिरलं तो. रक्ताच्या थेंबांमागं माणसं दिवस दिवस फिरायची. "दिसलं म्हणून बार टाकायचा नसतो," हे त्यांचं वाक्य मी पुतण्याला सांगितलं आणि कागद काढून हिशेब मांडला.

नेम धरायला पिस्तुलावर दोन साईट असतात, मागं खाच आणि पुढं दांडी. सहा इंची नळीच्या रिव्हॉल्वरवर मागच्या आणि पुढच्या साईटमधलं अंतर साधारण २०० मिमी धरा. नेम धरताना पुढची साईट खाचेत १ मिमी सरकली, तर ५० मीटरवर गोळी २५० मिमी बाजूला जाते. वीतभर! हरणाच्या छातीऐवजी पोट. एअर पिस्तुलात हे अंतर साधारण ३५० मिमी असतं, म्हणजे १० मीटरवर तोच १ मिमी जवळपास २९ मिमी होतो. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ केवळ ११.५ मिमी व्यासाचं, त्यामुळं तो छर्रा सात गुणांच्या वर्तुळात जातो. रायफलला दोन साईटमध्ये याच्या दुप्पट अंतर मिळतं, वर खांद्याचा आधार. पिस्तुलाला एकच हात, तोही हवेत. मी तीस वर्षं लेथवर काम केलंय. पिस्तूल मला आवडलं ते या मिलिमीटरमुळंच.

शिकायला कोल्हापूरसारखं गाव नाही. तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन (पालथं झोपून मारायच्या) रायफलमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं. राही सरनोबतनं २०१३ मध्ये चांगवॉनला २५ मीटर पिस्तुलात विश्वचषकाचं सुवर्ण घेतलं आणि २०१८ मध्ये पालेम्बांगला आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्ण. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमधून कांस्य आणलं. शहरातल्या दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर जा आणि पहिल्या दिवशी नुसतं मागं बसून बघा. मुलं किती कमी छर्रे मारतात आणि किती वेळा पिस्तूल न मारताच खाली घेतात, ते मोजा.

पिस्तूल लगेच विकत घेऊ नका. दोन-तीन महिने क्लबचं वापरा, कारण मूठ हाताला बसते की नाही हे त्याशिवाय कळत नाही. ४.५ मिमी व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. तरी ओळखपत्र, पावती सगळं जपून ठेवा आणि उघड्यावर मिरवू नका. हवेच्या सिलिंडरवाल्या पिस्तुलात साधारण २०० बार दाबाची हवा असते. सेकंडहँड घेताना आधी सिलिंडरवरची मुदतीची तारीख वाचा, मग किंमत विचारा.

घरची तयारी आजच सुरू करता येते. एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली घ्या. एअर पिस्तूलही साधारण किलोभराचंच असतं. पाय खांद्याएवढे फाकवा, लक्ष्याकडं जवळजवळ आडवं उभं राहा, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवा. कोपर सरळ ठेवून बाटली ३० सेकंद धरा, मिनिटभर विश्रांती, असं पाच वेळा. मग डोळा तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खिळ्यावर बोट धरा, मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना बोट खिळ्यावरच राहतं, तो तुमचा नेमाचा डोळा. हात उजवा आणि डोळा डावा निघाला, तर प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगा.

रेंजवर तोंडपाठ पाहिजेत अशा गोष्टी थोड्याच. नळी कायम लक्ष्याच्या दिशेला. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. मारून झालं की पिस्तूल उघडं ठेवायचं आणि नळीत सुरक्षेची दोरी घालायची. सुरुवातीला एकदा प्रशिक्षकानं हाक मारली आणि मी पिस्तूल हातात घेऊनच मागं वळलो. त्यांनी महिनाभर मला छर्रा दिला नाही. बरोबरच केलं त्यांनी. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा रेंजवरून मिसळ खायला जाण्याआधी साबणानं हात धुवायचे. मुलांच्या बाबतीत इथं कुणी ढिलाई करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता खरं काम. पिस्तूल लक्ष्याच्या वर उचला, श्वास सोडत हळू खाली आणा आणि काळ्या गोलाच्या खालच्या पांढऱ्या भागात थांबा. नजर पुढच्या साईटवर. साईट धारदार दिसली पाहिजे, लक्ष्य अंधुक. नवशिके इथंच चुकतात, कारण लक्ष्याकडं बघायचा मोह आवरत नाही. हात हलणारच, जगज्जेत्यांचाही हलतो. ते हलणं चालू असतानाच ट्रिगरवर दाब वाढवत न्या. नियमानं एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असतो. तेवढं वजन बोटाच्या पेरावर सावकाश चढलं पाहिजे. बार नेमका कधी निघणार हे तुम्हालाही आधी कळता कामा नये. "आता!" म्हणून बोट झटकलं की तो मघाचा मिलिमीटर गेलाच. निघाल्यावरही एक-दोन सेकंद साईट तशीच बघत राहा. आठ-दहा सेकंदांत बार निघाला नाही तर पिस्तूल खाली घ्या. खाली घेणं हेसुद्धा कौशल्य आहे, आजोबांच्या वाक्याचा अर्थ मला तिथं कळला.

पहिला महिना कागदी लक्ष्य लावूच नका. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर करा, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबा. ट्रिगर सुटताना पुढची साईट खाचेत हलली का, एवढंच बघायचं. दिवसाला ४० वेळा पुरे. थकल्यावर केलेला सराव चुकाच पक्क्या करतो.

पुतण्याला त्या व्हिडिओतलं एक मात्र मी उचलायला सांगितलं, ती वही. काडतुसं भरणारी नीट माणसं प्रत्येक खेपेची नोंद ठेवतात. छर्ऱ्यांनाही ते लागू पडतं. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं माप असतं आणि प्रत्येक नळीला एखादं जास्त मानवतं. तिन्ही मापांचे दहा-दहा छर्रे मारून छिद्रांचा झुबका कुठल्याचा लहान येतो ते लिहून ठेवा. वहीत तारीख, झोप किती झाली, किती वेळा पिस्तूल खाली घेतलं हेही लिहा.

स्पर्धेत ६० छर्रे, ७५ मिनिटं, कमाल ६०० गुण. त्याची घाई नको. स्थिर हात झाला की क्लब, जिल्हा, राज्य आणि मग अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा असा रस्ता आहे. .२२ आणि परवान्याचा विचार त्यानंतर, नेमबाजी संघटनेच्या मार्फतच करायचा.

पुतण्या आता आठवड्यातून तीनदा दुधाळीला येतो. शनिवारच्या त्याच्या पानावर लिहिलंय: ड्राय फायर ४०, साईट हलली ११ वेळा, खाली घेतलं ९ वेळा. त्याला सांगितलंय, ११ चे ५ झाले की कागद लावू.