डरॅमला उतरा, पण निवांत

लंडन-एडिंबरा रेल्वेप्रवासात उत्तर इंग्लंडमधल्या डरॅमला थांबायचं तर ‘ॲडव्हान्स’ (ठरावीक गाडीचंच, आधी काढायचं) तिकीट घेऊ नका. त्यावर मध्येच उतरता येत नाही. चाकांची मोठी बॅगही नकोच, जुन्या गावातले दगडी रस्ते आणि चढ जीव काढतात.

स्टेशनाबाहेरच कॅथेड्रल दिसतं आणि पाय तिकडे ओढतात. माझं ऐका, आधी नदी. फ्रेमवेलगेट पूल ओलांडायच्या आधीच खाली काठावर उतरा आणि वेअर नदी डाव्या हाताला ठेवून प्रेबेंड्स पुलापर्यंत रमतगमत चाला. वाटेत बंधारा, जुनी गिरणी आणि वर झाडांतून डोकावणारे मनोरे. बसायचं तर इथेच. मग तो पूल ओलांडून वर चढा.

कॅथेड्रलमध्ये जायला तिकीट नाही, देणगी ऐच्छिक. बांधकाम १०९३ मध्ये सुरू झालं. अवाढव्य खांबांवर नागमोडी, चौकटी असं कोरलेलं. हात फिरवायचा मोह होतो! पूर्वेला संत कथबर्टची समाधी. पश्चिमेच्या गॅलिली चॅपेलमध्ये इतिहासकार बीडची. ती बरेच जण चुकवतात. संध्याकाळची गायन-प्रार्थना असेल तर दुकानं सोडा, पण ती ऐका. धर्म कुठलाही असो, बसू देतात.

किल्ला समोरच आहे, पण तिथे विद्यार्थी राहतात. गाइडबरोबरच आत जाता येतं.