जुन्या बुलेटचे व्हॉल्व गाइड बदलताना या चुका टाळा

जुनी कास्ट आयर्न बुलेट (सिलिंडर बिडाचा, हेड मात्र अॅल्युमिनियमचं) धूर मारायला लागली की हल्ली सगळे एकच निदान करतात, "गाइड गेले." गाइड म्हणजे हेडमध्ये घट्ट बसवलेली नळी, तिच्यातून व्हॉल्वची दांडी वरखाली होते. मग हेड खोलायचं, हातोडी घ्यायची आणि चांगल्या हेडची वाट लावायची. अशी हेडं बघून बघून कंटाळा आलाय, म्हणून हे लिहितोय.

आधी धूर नीट बघा. गाडी बरेच दिवस उभी असेल आणि किक मारल्यावर ढगभर धूर येऊन दहा मिनिटांत थांबत असेल तर तेल टाकीतून क्रँककेसमध्ये उतरलंय, तिथे गाइडचा काही संबंध नाही. चढाला, जोर पडला की सतत निळा धूर येतो का? पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचा बोअर बघा. उतारावर थ्रॉटल बंद करून गाडी खाली सोडली आणि परत थ्रॉटल दिल्यावर निळा भपका आला तर इनलेटच्या गाइडवर संशय घ्या, कारण बंद थ्रॉटलला पोर्टमध्ये (हेडमधल्या वायूच्या वाटेत) व्हॅक्यूम वाढतो आणि ढिल्या गाइडमधून तेल ओढलं जातं. ब्रीदर (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी नळी) तुंबला असला तरी तेल भलतीकडे जातं, तो साफ करायला पाच मिनिटं लागतात, हेड खोलण्याआधी तेवढं तरी करा.

आता सगळ्यात मोठी चूक. थंड हेडमधून गाइड ठोकून काढणं.

सांगलीकडच्या एकाने हेड आणून दाखवलं होतं, सत्तरच्या दशकातली गाडी, वडिलांची. कुठल्याशा गॅरेजमध्ये थंड हेड बाकावर ठेवून पंच आणि हातोडीने गाइड काढलेले. गाइडचं जे टोक पोर्टमध्ये असतं त्यावर दगडासारखी घट्ट काजळी बसलेली असते, ती खरवडली नव्हती, त्यामुळे गाइड वर सरकताना ती काजळी अख्ख्या भोकातून ओढली गेली आणि अॅल्युमिनियमवर वरपासून खालपर्यंत चरे पडले, नखाला लागतील एवढे. नवीन गाइड त्यात हाताने जायला लागलं, तर त्या मेस्त्रीने काय करावं? गाइडला बाहेरून सेंटर पंचाचे टिंब मारले, म्हणजे घट्ट बसेल, आणि दिलं ठोकून. थोडे दिवस चाललं. मग गाइड भोकातच हलायला लागलं, तेल गाइडच्या बाहेरच्या अंगाने पोर्टमध्ये उतरायला लागलं, आणि धूर पहिल्यापेक्षा जास्त. शेवटी भोक सीटशी (व्हॉल्व ज्या कड्यावर टेकतो त्याच्याशी) सेंटर धरून मशीनवर बोअर करून घ्यावं लागलं आणि त्या मापाचं ओव्हरसाइज गाइड लेथवर बनवावं लागलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं काम करणारे चांगले टर्नर आहेत, पण गाइड धीराने काढलं असतं तर तिथवर जायची वेळच आली नसती. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो, वडिलांची गाडी होती त्याची.

माझी पद्धत सांगतो. व्हॉल्व, स्प्रिंग, रॉकर, सगळं काढायचं. पोर्टमधल्या टोकावरची काजळी जुन्या हॅकसॉ ब्लेडने खरवडून साफ करायची, गाइडची धातू चकचकीत दिसेपर्यंत. मग अख्खं हेड ओटीजीमध्ये किंवा हॉटप्लेटवर १५० ते १८० अंशांपर्यंत सावकाश तापवायचं. एकाच जागी टॉर्च मारू नका, हेड वाकतं, सीट सैल होते. लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण गरम पाण्यात धरलं की जसं सुटतं तसंच हे आहे, अॅल्युमिनियम बिडापेक्षा साधारण दुप्पट प्रसरण पावतं. आणि इन्फ्रारेड गनवर चकाकत्या अॅल्युमिनियमचा आकडा खरा येत नाही, काळा मार्कर फासून त्या डागावर गन धरा.

काढायला पायरीचा ड्रिफ्ट, म्हणजे पुढचा भाग गाइडच्या आत जाणारा आणि मागचा जाड. गाइडला कॉलर कुठल्या बाजूला आहे, सर्क्लिप आहे का, हे आधी बघा, कॉलर वर असेल तर गाइड वरच निघणार. तरी हलत नसेल तर आतून ड्रिल मारून भिंत पातळ करा, हातोडा मोठा करू नका.

आता बसवणं. नवीन गाइड नुसतं फ्रीजरमध्ये ठेवलं की पुरतं, असा लोकांचा फार गैरसमज आहे. समजा गाइड बाहेरून १३ मिमी आहे. फ्रीजरमध्ये उणे १८ ला ठेवलं तर ते जेमतेम ०.००७ मिमी आकसतं. तेच हेड १५० अंशांनी तापवलं तर भोक जवळजवळ ०.०४५ मिमीने मोठं होतं, आणि आपल्याला पकड (भोकापेक्षा गाइड जेवढं जाड तेवढी) हवी असते साधारण ०.०४ ते ०.०५ मिमीची. म्हणजे काम हेडची उष्णता करते. फ्रीजरमध्ये ठेवा, जरूर ठेवा, पण थंड हेडमध्ये गोठवलेलं गाइड ठोकून "मी सगळं बरोबर केलं" म्हणू नका. आणि गाइड बसवताना घाई इथेच करायची, गाइड आत गेल्या गेल्या गरम होतं, मध्येच थांबलात तर तिथेच अडकतं.

बाजारातल्या गाइडचं माप पुडीवर विश्वासून धरू नका. भोक आणि गाइड दोन्ही मोजा, मायक्रोमीटरने, व्हर्नियरने नाही.

दुसरी माझी खास चिडायची गोष्ट: गाइड बदलून सीट कट न करणं. नवीन गाइडचा सेंटर जुन्या गाइडच्या सेंटरवर तंतोतंत कधीच येत नाही, आणि जुनी सीट तर झिजलेल्या गाइडमध्ये वाकडा चालणाऱ्या व्हॉल्वने घडवलेली असते. मग व्हॉल्व एका बाजूला टेकतो, दुसरीकडे फट. यावर नवशिक्यांचा उपाय म्हणजे ग्राइंडिंग पेस्ट लावून संध्याकाळभर घासत बसायचं. त्याने सीट रुंद होते, व्हॉल्व आत बसतो, कडेला खाच पडते आणि सेंटर तरीही चुकलेलाच. पेस्ट शेवटच्या हलक्या हाताला ठेवायची. आधी नवीन गाइडमध्ये पायलट (कटरला सरळ धरणारी दांडी) घालून ४५ अंशाच्या कटरने सीट मारायची, रुंदी साधारण सव्वा ते दीड मिमी ठेवायची, मार्किंग ब्लू (खुणेचा निळा रंग) लावून गोल सलग रेघ उमटते का ते बघायचं. कटर नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे हेड न्या, यात लाज कसली.

बाकीच्या छोट्या छोट्या. गाइड बसल्यावर आतून आवळतं, म्हणून रीमर (भोक मापात आणणारं हत्यार) मारावाच लागतो, आणि रीमर बाहेर काढतानाही त्याच दिशेने फिरवा, उलटा फिरवलात की धार गेली. नवीन गाइडमध्ये जुना झिजलेला व्हॉल्व घालू नका, स्टेम, म्हणजे व्हॉल्वची दांडी, वर, मध्ये, खाली मोजा. एग्झॉस्टला इनलेटपेक्षा जास्त क्लिअरन्स (स्टेम आणि गाइडमधली फट) लागतो, आणि ब्राँझचं गाइड टाकत असाल तर त्याचं प्रसरण बिडापेक्षा जास्त असतं हे टर्नरला सांगा. मूळ इंजिनला सील नसेल तर कारच्या सील बसवायचा शहाणपणा करू नका, विशेषतः एग्झॉस्टला, गाइड कोरडं पडून व्हॉल्व जाम होतो. पेस्टचा कण आत राहिला तर नवीन गाइड चाटून टाकतो, म्हणून साबण, गरम पाणी आणि ब्रश, मग लगेच तेल.

जोडण्याआधी पोर्टमध्ये रॉकेल ओतून थोडा वेळ ठेवा, चेंबरच्या बाजूला पाझरलं तर सीट परत बघा. आणि सीट कट केल्यावर व्हॉल्व आत जातो, स्टेम वर येतो, म्हणजे टॅपेट आवळले जातात, ते परत लावावे लागतात. कास्ट आयर्न बुलेटला इंजिन थंड असताना पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी दांडी) बोटांनी मोकळा फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. पहिली फेरी मारून आलात की इंजिन रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी हेडचे नट आणि टॅपेट दोन्ही परत तपासा.