वॉशिंग प्लांट उभारताय? आधी गाळाची जागा दाखवा

व्हीएसआय (दगड फोडून वाळू करणारं यंत्र) कशाला लागतं, ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीखाली गेलं की वाळू, वर राहिली की खडी, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. कोकणातल्या दगडखाणीवर धुण्याच्या प्लांटच्या कामाला पहिल्यांदाच लागलेल्यांसाठी हे लिहितोय. यंत्रांबद्दल कमी आणि चिखलाबद्दल जास्त बोलणार आहे. मृगाचं आभाळ भरून आलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो, तो त्या चिखलामुळेच.

सप्लायरच्या ड्रॉइंगवर हॉपर, स्क्रीन, स्क्रू वॉशर, कन्व्हेयर सगळं नटबोल्टसकट काढलेलं असतं. कोपऱ्यात एक निळा चौकोन, त्यात लिहिलेलं 'सेटलिंग पाँड', म्हणजे धुतलेल्या पाण्यातला गाळ खाली बसायचं तळं. किती खोल, गाळ उपसायला पोकलेन कुठून उतरणार, उपसलेला गाळ जाणार कुठे, काही पत्ता नाही. आमच्याकडे तो चौकोन तसाच बांधला गेला आणि पुढचे सगळे हाल तिथून सुरू झाले.

हिशोब कागदावर मांडा. तासाला १०० टन माल धुताय आणि त्यात ७५ मायक्रॉनखालची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पूड व माती मिळून १२ टक्के. म्हणजे तासाला १२ टन गाळ, तोही कोरडा धरून. तळ्यात बसलेल्या गाळात निम्मं तरी पाणी असतं, म्हणजे २४ टन. आठ तासांच्या पाळीत १९२ टन. दहाचाकी डंपरच्या दहा-अकरा खेपा, रोज. तो ओला गाळ डंपरमध्ये नीट राहतही नाही, घाटात मागून सांडत जातो आणि मग गावचे लोक गाडी अडवतात. बरोबरच करतात.

'तळं मोठं खोदू' असं कुणीतरी म्हणतंच. थांबा. कण बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर चालतो. १० मायक्रॉनचा कण शांत पाण्यात तासाला तीसेक सेंटिमीटर खाली जातो, २ मायक्रॉनचा जेमतेम सव्वा सेंटिमीटर. तीन मीटर खोल तळ्याचा तळ गाठायला त्याला नऊ-दहा दिवस लागतात, आणि तुमचा पंप तर तेच पाणी तासाभरात परत स्प्रेवर मारतोय. तळं खोल केल्याने गाळ साठवायला जागा वाढते, पाणी निवळायला मदत पृष्ठभागाची होते. गढूळ पाण्याने वाळू धुतलीत तर वाळू धुतलीच नाही. टेस्टच्या बरणीत सिल्टचा, म्हणजे बारीक गाळाचा, थर पुन्हा तेवढाच दिसतो.

आपल्याकडे हे जास्त का छळतं? वर जांभा, त्याखाली लोण्यासारखी मऊ लाल-पांढरी माती, मग काळा दगड. काळ्या दगडातही मध्येच कुजलेले, लालसर पट्टे असतात. वरची माती नीट काढून टाकली नाही, की ती बकेटमधून हॉपरमध्ये आणि तिथून तळ्यात. लोडरवाल्याशी मैत्री करा. खाणीच्या कुठल्या बेंचचा (पायरीचा) माल खराब आहे हे तो लॅबच्या आधी सांगतो. माझं मत विचाराल तर मोबाईलवर लेआउट दाखवणाऱ्या कन्सल्टंटपेक्षा जुना लोडरवाला आणि जुना फिटर हे खरे गुरू. फक्त ते स्वतःहून बोलत नाहीत, चहाला बसावं लागतं.

आणि आधी हेही तपासा, की धुवायचंच आहे का. २०१६ च्या आयएस ३८३ या भारतीय मानकात नैसर्गिक वाळूला ७५ मायक्रॉनखाली ३ टक्के चालतात, क्रश सँडला १५ पर्यंत. नुसती दगडाची पूड असेल तर ती तितकी वाईट नाही. माती वाईट. दोन्हीतला फरक मिथिलीन ब्लू टेस्ट दाखवते. अति धुण्याच्या नादात १५० ते ३०० मायक्रॉनची चांगली बारीक वाळूही वाहून जाते, काँक्रीट खरबरीत होतं आणि विकायचा माल तळ्यात जाऊन बसतो. ओव्हरफ्लोवर, म्हणजे वाहून जाणाऱ्या पाण्यावर, सायक्लोन (पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी काढणारं यंत्र) बसवला तर ती परत मिळते. त्यावर पैसे वाचवू नका.

थिकनर (गाळ घट्ट करणारी टाकी) आणि फ्लॉक्युलंट (बारीक कण एकत्र बांधणारी पावडर) घ्याल तर स्वतःच्या खाणीचा गाळ आणि स्वतःच्या विहिरीचं पाणी बरण्यांत घालून जार टेस्ट करा. दुसऱ्या प्लांटचा डोस इथे चालत नाही. पावडर एकदम ओतली की गाठी होतात. ती चिमटीचिमटीने सोडायची, हळू ढवळायची, मुरू द्यायची. जमिनीवर सांडलेली पावडर भिजली की माणूस सपाट घसरतो, हे विनोदाने घेऊ नका.

आता पाऊस. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबर. एक हेक्टर उतारावर तीन मीटर पाऊस म्हणजे ३० हजार घनमीटर पाणी. ते यार्डावरून तळ्यात शिरलं तर बांध फुटून सगळा लाल राडा पऱ्यात (ओढ्यात) आणि तिथून लावणी झालेल्या खाचरांत. पावसाआधी आगोटीची कामं करताना वरच्या अंगाला चर मारा, डोंगराचं पाणी बाहेरून वळवा. मोकळ्या बांधावर गवत लावा. मे महिन्यात छान चाललेल्या प्लांटवर कुणी पेढे वाटले तर खा, पण विश्वास ठेवू नका.

घाबरवतोय असं वाटेल. तसं नाही. हे सगळं आकडेमोडीचं काम आहे, त्याला फार हुशारी लागत नाही. डिप्लोमावाल्यांना जमतं, मलाही जमलं. अवघड जातं ते मालकाला सांगणं, की स्क्रीन एक कमी घ्या पण फिल्टर प्रेसला (गाळ दाबून त्यातलं पाणी काढणाऱ्या यंत्राला) जागा ठेवा. 'सेकंडहँड मिळतोय' हे उत्तर येईल. घ्यायला हरकत नाही, प्लेटा मोजून आणि कापड बदलायचा खर्च धरून.

कागदांचं थोडक्यात: प्रदूषण मंडळाची उभारणीची संमती पाया खोदायच्या आधी, चालवण्याची वेगळी. खाणपट्ट्याचे कागद वेगळे. 'करू मागाहून' म्हणणाऱ्याच्या प्लांटवर नोकरी धरू नका.

खाडीजवळ असाल तर एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी चाखून बघा आणि क्लोराइडसाठी लॅबलाही द्या. आरसीसी कालवायच्या पाण्याला आयएस ४५६ मध्ये लिटरला ५०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. धुण्याचं पाणी फिरून फिरून वापरलं जातं, प्रत्येक फेरीत वरून तेच मचूळ पाणी भरलं जातं, आणि ओल्या वाळूबरोबर मीठ गिऱ्हाइकाच्या स्लॅबमध्ये जातं. जानेवारीचा रिपोर्ट दाखवला तर मेचा मागा.