गच्चीच्या डांबरी शीटला फुगे आलेत? वरून डांबर ओतू नका

गच्चीवर जी काळी डांबरी शीट टॉर्चने (म्हणजे गॅसच्या ज्योतीने) चिकटवतात ना, तिला उन्हाळ्यात फुगे येतात, आणि बरेच कारागीर सरळ वरून गरम डांबर फासून मोकळे होतात. ते करू देऊ नका. फुग्याच्या आत ओल किंवा हवा अडकलेली असते, ऊन लागलं की ती फुगणारच. कटरने फुग्यावर फुली मारून कापा, चारी पाकळ्या उलट्या करा, आतला स्लॅब पूर्ण वाळू द्या (हात लावून गार, दमट वाटला तर अजून थांबा), मग प्रायमर (शीट धरावी म्हणून आधी लावायचा पातळ डांबरी थर) मारून तो सुकला की पाकळ्या टॉर्चने परत बसवा आणि वरून कापाच्या सगळीकडून निदान १० सेमी बाहेर जाईल असा शीटचा तुकडा लावा. कडेने वितळलेलं डांबर थोडंसं बाहेर आलं म्हणजे नीट चिकटलं.

हे काम एप्रिल-मे मध्येच उरका, जूनमध्ये स्लॅब वाळतच नाही. टॉर्च चालू असताना प्लास्टिकची टाकी, पाइप, वायरी लांब ठेवा.

गळती बहुतेकदा मधून नसतेच, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यात आणि पाइपाच्या तोंडाशी शीट सुटलेली असते, ते आधी बघा. शीट भिंतीवर १५ सेमी तरी चढलेली हवी. शीट उघडी असेल (वर फरशी वगैरे नसेल) तर वरून ॲल्युमिनियम पेंट मारा, उन्हाने डांबर कडक होऊन तडकतं ते लांबतं. फुगे जागोजागी असतील तर मात्र ठिगळं नकोत, सगळी उपटून नवीन टाका.