चक ब्राउन यांचे गो-गो संगीत कसे ऐकावे

वॉशिंग्टन शहरात घरोघरी वाजणारा, पण त्या शहराच्या परिसराबाहेर फारसा न रुजलेला फंक, म्हणजे ठसकेबाज ठेक्यावर उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकी नृत्यसंगीताचा एक प्रकार म्हणजे गो-गो, आणि तो घडवणारे गायक-गिटारवादक म्हणजे चक ब्राउन (१९३६–२०१२). त्यांच्याकडे नव्याने वळणारा श्रोता बहुधा सर्वांत गाजलेले गाणे शोधतो, ते ऐकतो आणि पुढे जातो. त्यात गो-गोचे मर्म हुकते, कारण ते एक गाणे संपल्यापासून दुसरे सुरू होईपर्यंतच्या जागेत आहे. म्हणून ऐकताना लक्ष त्या जागेवर ठेवावे.

ही जागा कशी निर्माण झाली, हे आधी समजून घेतलेले बरे. १९७०च्या दशकाच्या मध्यावर डिस्कोची लाट आली. तबकड्या एकापाठोपाठ एक अखंड वाजत, नाचणाऱ्यांना थांबावे लागत नसे, आणि दर गाण्यानंतर थांबणाऱ्या वाद्यवृंदांना कामे मिळेनाशी झाली. ब्राउन यांनी आपल्या ‘सोल सर्चर्स’ या वाद्यवृंदाकडून गाणे संपल्यावरही ड्रम, काँगा (हातांनी वाजवायचे उभे ढोल) आणि काउबेल (काठीने वाजवायची धातूची घंटा) चालूच ठेवून घेतले. त्या ठेक्यावर ते श्रोत्यांशी बोलत, कोण कोणत्या वस्तीतून आले आहे ते पुकारत, कोणाचा वाढदिवस असेल तर त्याचे नाव घेत आणि बोलता बोलता पुढच्या गाण्यात शिरत. समोरून ‘वाइंड मी अप, चक’, म्हणजे ‘चावी दे, चक’, असा पुकारा येई. चालतच राहणारे संगीत, म्हणून त्याचे नाव गो-गो.

आता ठेका हातात बसवावा. चार मात्रा सावकाश मोजत टेबलावर बोटांनी ‘तकदिमि’ वाजवावे, एका मात्रेत चार बोल, अगदी समान अंतराने. तो स्थिर झाला की ‘त’ आणि ‘दि’ जागच्या जागी ठेवून ‘क’ आणि ‘मि’ हे दोन बोल किंचित उशिरा आणावेत. लय वाढत नाही, तरी हाताला झोका मिळतो. हा झोका हीच गो-गोची चाल. सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर यांच्या ‘मिस्टर मॅजिक’ या १९७५च्या रचनेतला ठेका ऐकून ब्राउन यांना लहानपणी चर्चमध्ये ऐकलेला ताल आठवला आणि त्यांनी तो आपलासा केला. त्यांचे ड्रमवादक रिकी वेलमन यांना पुढे जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांनी आपल्या ताफ्यात घेतले.

हाताला चाल बसली की ध्वनिमुद्रिकांकडे वळावे. ‘ॲश्लीज रोचक्लिप’ (१९७४) ही रचना गो-गो घडण्यापूर्वीची आहे. तिच्या उत्तरार्धातला ड्रम आणि खंजिरीचा छोटा तुकडा पुढे असंख्य हिप-हॉप गाण्यांत उचलला गेला, त्यामुळे तो ओळखीचा वाटण्याचा संभव आहे. त्यानंतर ‘बस्टिन लूज’ ऐकावे. १९७९च्या सुरुवातीला हे गाणे अमेरिकेच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या लोकप्रियता यादीत चार आठवडे पहिल्या स्थानावर होते.

तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रत्यक्ष मैफलीचे एखादे दीर्घ ध्वनिमुद्रण घ्यावे आणि मध्ये कुठेही पुढे न सरकवता सलग ऐकावे. वॉशिंग्टनमध्येच जन्मलेल्या ड्यूक एलिंग्टन यांची ‘इट डोन्ट मीन अ थिंग’ ही जुनी जॅझ रचना ब्राउन यांनी त्याच ठेक्यावर कशी बसवली, ते अशा वेळी उलगडते. हे ऐकायला शक्यतो चार माणसे जमवावीत. मागून ध्रुपद धरणारे नसले तर भजन जसे अपुरे वाटते, तशाच या हाका ओ देणाऱ्यांवाचून अपुऱ्या राहतात.

गिटारसाठी मात्र वेगळा वेळ द्यावा, शक्यतो रात्रीचा. तरुणपणी वॉशिंग्टनजवळच्या लॉर्टनच्या तुरुंगात शिक्षा भोगत असताना ब्राउन यांनी सिगारेटच्या पाच मोठ्या खोक्यांच्या बदल्यात गिटार मिळवली आणि तिथेच ते वाजवू लागले. गायिका ईव्हा कॅसिडी यांच्यासह केलेला ‘द अदर साइड’ (१९९२) हा संग्रह ऐकताना त्यांचा जाड, खर्जाकडे झुकणारा आवाज आणि हात राखून वाजवलेली गिटार शेजारी शेजारी ऐकू येते. माझ्या मते त्यांच्यातला जॅझचा माणूस इथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

वॉशिंग्टन परिसरात राहणाऱ्या किंवा तिथे नातलगांकडे जाणाऱ्या मराठी वाचकांनी शॉ भागातल्या सातव्या रस्त्यावर अवश्य जावे. त्याच्या एका तुकड्याला ‘चक ब्राउन वे’ असे नाव आहे. जवळच्याच कोपऱ्यावर मोबाइलचे एक दुकान वर्षानुवर्षे बाहेर लावलेल्या स्पीकरवर गो-गो वाजवत असे. २०१९ मध्ये तक्रारीवरून ते वाजवणे बंद करावे लागले, तेव्हा ब्राउन यांना जाऊन सात वर्षे झाली होती. तरीही लोक वाद्ये घेऊन रस्त्यावर उतरले, काही दिवसांत स्पीकर पुन्हा सुरू झाला, आणि २०२० मध्ये शहराने कायदा करून गो-गोला आपले अधिकृत संगीत ठरवले.